एक रुपया पंधरा आणे शेकडा

३ फेब्रुवारी १९४१, सोमवार

नृसिंहभाऊजी राहुरीहून मुद्दाम आले होते. चहा होईपर्यंत छताकडे पाहत बसले, तेव्हाच ओळखले की बोलणे गोड नाही.

म्हणाले, "वहिनी, दादा जाऊन चार वर्षं झाली. या दोन खोल्यांचं भाडं मी भरतोय. आता आमच्या इंदूचं लग्न वैशाखात धरलंय. त्यानंतर मला हे जमायचं नाही. तुम्ही राहुरीलाच या. घरात माणूस हवंच आहे."

माणूस हवे आहे. त्यांची स्वयंपाकीण दिवाळीत सोडून गेली, हे दमयंतीच्या पत्रातून मला आधीच कळले होते. धाकटी जाऊ असली तरी ती लिहिते सगळे, फक्त काय लिहू नये ते तिला कळत नाही.

मी "बघते" म्हटले. त्यांनी त्याचा अर्थ "येते" असा घेतला आणि चहा चांगला झाल्याचे सांगून गेले.

ह्या खोल्यांत खिडकीशी एक पाट आहे. लग्नानंतर मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून अक्षरे लावीत असे, ह्यांच्या नकळत. एक दिवस ह्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाताना वर्तमानपत्र त्या पाटावर उघडे ठेवून जाऊ लागले. तो पाट राहुरीच्या स्वयंपाकघरात नेऊन मी त्यावर कांदे चिरू काय?

९ फेब्रुवारी

ठरवले. पापड विकायचे. वीस वर्षे ह्या गल्लीने माझे उडदाचे पापड खाल्ले आणि वाहवा केली. नगरात असे पापड नाहीत, असे समोरच्या पोस्टमास्तरीणबाई दर संक्रांतीला सांगतात आणि पन्नास घेऊन जातात. फुकट.

जिन्नसाचा हिशेब केला. शेकड्याला दहा आणे लावले. त्यात मला तीन-साडेतीन आणे सुटतात. कोणाला जड वाटू नये इतपतच भाव आहे.

१६ फेब्रुवारी

तीनशे पापड वाळून तयार आहेत. मिरी जाडसरच कुटली, कारण ह्यांना दाताखाली यायला हवी असे. लाटल्यावर कड सारखी करायला ह्यांच्या शाळेच्या डब्याचे पितळी झाकण घेते. शाळेच्या पायरीवर पडून त्याला एका जागी पोचा आला आहे, त्यामुळे प्रत्येक पापडाची कड तिथे जराशी आत जाते. दुसरे झाकण घेता येईल. घेणार नाही.

२० फेब्रुवारी

एक शेकडाही गेला नाही.

पोस्टमास्तरीणबाई आल्या, पापड उजेडाशी धरून पाहिले, जसे काही खोटे नाणे. "दहाच आणे? मग डाळ जुनी असेल का हो?" मी म्हटले, "गेल्या वर्षी खाल्लेत ते ह्याच दुकानच्या डाळीचे." त्या म्हणाल्या, "ते तुम्ही प्रेमानं दिले होते." आणि न घेता गेल्या. जाताना विचारले, ह्या संक्रांतीचे पन्नास राहिलेत, ते कधी देता?

गोजरबाई दूध घालायला आली तिला विचारले, तू का घेत नाहीस. ती तोंडावर बोलते, एवढे तरी बरे.

"बामनीनबाई, खरं सांगू का? सस्तं हाय म्हंजी कायतरी असंल, असं बाया म्हनत्यात."

"काय असेल?"

"आता मला काय ठावं? पर तुमी लेकराबाळाच्या लग्नाला घ्या म्हनून सांगत फिरल्या. लग्नाचा पापड सवाशिनीच्या हातचा लागतो न्हवं. तुमचा हात चालत न्हाई, आन् वर सस्तं. मंग त्या म्हनत्यात, म्हनूनच सस्तं."

"आणि तुझं दूध? एका म्हशीचं, आणि आमच्या आळीत सहा पैसे, वकिलांच्या आळीत दोन आणे?"

ती हसली. "वकिलीनबाई सहा पैशाचं दूध पीतच न्हाई. पानी हाय म्हनती. दोन आन्याचं केलं तवापास्नं म्हशीचं कौतुक करती."

म्हैस तीच, आणि पाणीही तेवढेच असणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

शामकांत देवचके आला होता. ह्यांचा विद्यार्थी. मुंबईला चार वर्षे कुठल्याशा पेढीत होता, आता कापडबाजारात त्याने किराणा आणि फराळाच्या जिनसांचे दुकान काढले आहे. काचेचे कपाट, आत दिवा. मिठाची पुडी घेतली तरी आपण सराफाकडे आलो असे वाटावे.

पापड भाजून दिला. कणन्‌कण वेचून खाल्ला. मग म्हणाला, "मास्तरांच्या डब्यात असायचा हा." मी घाईने म्हटले, "दहा आणे शेकडा आहे."

"काकू, तीच तर चूक झालीय. दहा आण्याला माणूस चव बघतो. दीड-दोन रुपयांना तो चव बघत नाही, स्वतःला समजावतो."

वयाच्या मानाने फार बोलतो. पण त्याने माझ्यापुढे तीन रीती ठेवल्या. एक, जिन्नस माझा, शेकड्याला सहा आणे तो देणार. म्हणजे मी घरचे घालायचे! दुसरी, सगळा जिन्नस त्याचा, मला पाच आणे मजुरी. तिसरी, नफ्यात तिसरा हिस्सा, पण मी आधी दीडशे रुपये भांडवल घालायचे. दीडशे! मी मंगळसूत्र केव्हाच मोडले आहे हे त्याला माहीत नसावे.

मी नीट विचार करून मधली रीत धरली. त्याने एकदाही आग्रह केला नाही. "तुम्हाला व्यवहार कळतो, काकू," म्हणाला. कळतोच. मी काही पोस्टमास्तरीणबाई नाही.

जाताना चपला घालता घालता म्हणाला, "माल घेऊन याल तेव्हा मागच्या दारानं या. लग्नसराई आहे. लोकांचं तुम्हाला माहीत आहेच." मान खाली होती. निदान तेवढी लाज आहे.

१ मार्च

दुकानात पाटी लागली. मी पलीकडच्या बाजूने जाताना पाहिली. "पुणेरी पद्धतीचे उंची पापड. एक रुपया पंधरा आणे शेकडा." त्यातले "पद्धतीचे" हे मुंगीएवढ्या अक्षरात. खाली आणखी एक ओळ, "कडेवरील खूण पाहूनच घ्यावे. नकलेपासून सावध."

डब्याच्या पोच्याला हा मनुष्य खूण म्हणतो! जन्मभर नगरला राहिलेल्या माणसाचा डबा, नगरच्याच शाळेच्या पायरीवर पडलेला, आणि तो झाला पुण्याची खूण.

मी संध्याकाळी त्याला म्हटले, "सरळ दोन रुपये का नाही लावलेस?"

"दोन रुपये म्हटलं की बाई नवऱ्याला विचारते. एक रुपया पंधरा आणे म्हटलं की घरी जाऊन सांगते, रुपयात आणले."

"आणि पंधरा आणे?"

"ते वाटेत पडतात, काकू."

५ मार्च

सातशे गेले. चार दिवसांत. पोस्टमास्तरीणबाईंनी दोनशे घेतले आणि एक भाजून मला चाखायला आणला! "खाऊन बघा, म्हणजे पापड कशाला म्हणतात ते कळेल. राग मानू नका, पण तुमच्यात आणि ह्यात फरक आहे." मी खाल्ला. म्हटले, "फरक आहे खरा." त्या खूश झाल्या. मिरी बघा कशी लागते, म्हणाल्या.

माझ्या जागी दुसरी कोणी रडली असती. मला फक्त त्या बाईच्या तोंडाची कीव आली. वीस वर्षे त्याच जिभेने खात होती.

१४ मार्च, धुळवड

गल्लीत दंगा. दार लावून शंभर लाटले.

मजुरीचे पैसे आले होते त्यातून परवा चष्मा घेतला. अक्षरे हल्ली पोहतात. चष्मेवाल्याने तीन काढून ठेवले. एक अडीच रुपयांचा, तारेचा, अगदी भिकार दिसला. एक पंधरा रुपयांचा, सोनेरी मुलाम्याचा, तो कोणी कलेक्टरीणबाई घेणार. मी मधला सहा रुपयांचा घेतला. ना कंजुषी ना उधळेपणा. तिन्हीची काच एकच आहे का, असे विचारायचे राहिले. पण मधल्यातून अक्षर स्पष्ट दिसते.

२२ मार्च

दमयंती लग्नाच्या खरेदीला नगरला आली होती, ती घरी आली. मी घाईघाईने पापडांवर धोतर पांघरले. मजुरी करते हे राहुरीला कळले तर भाऊजी उद्याच बैलगाडी घेऊन येतील. आमच्या घराण्यातल्या बायका हातचे विकत नाहीत, रांधतात फक्त.

ती नको तिथेच बसली. झाकण खाली राहिले होते ते उचलून मांडीवर घेतले. "दादांच्या डब्याचं ना हे?" आणि पोच्यावरून अंगठा फिरवीत राहिली. "पायरीवर पडला होता, त्या दिवशी मी इथेच होते."

"आत्ता भांडी घासत होते, म्हणून खाली राहिलं," मी म्हटले.

तिने हवेत वास घेतला. हिंगाचा वास धोतराखाली थोडाच राहतो! मग एकदम काय विचारावे? "वहिनी, मिरी अजून जाडच कुटता ना?"

"कशातली मिरी?"

"असंच विचारलं." आणि उठली. साड्या कुठल्या घेतल्या, सोने कितीचे, काही सांगितले नाही. हिचे बोलणे असेच, कशाचा कशाला मेळ नसतो. अठरा वर्षे पाहते आहे.

२८ मार्च, पाडवा

गुढी नाही. ह्यांच्या पाटासमोर एक पापड भाजून ठेवला. कडुनिंबाच्या पानांशेजारी तो विचित्र दिसला, पण ठेवला. भाजताना ते कड आधी धरायला सांगत, मग मधला भाग आपोआप फुलतो म्हणत. तसाच फुलला.

८ एप्रिल

शामकांतने कपाटात आता तीन भाव मांडले आहेत. एका कोपऱ्यात बारा आण्याचे पापड, वर्तमानपत्राच्या कागदात, उघडे. मध्ये आमचे. आणि वरच्या फळीवर पत्र्याचा रंगीत डबा, लाल फीत बांधलेला, साडेतीन रुपये शेकडा. मागच्या दाराशी बसून मी डबा उघडून पाहिला. आत माझेच पापड.

"हा कोण घेतो?" मी विचारले.

"कोणीच नाही. महिन्यात एखादा जाईल. तो विकायला ठेवलेला नाही, काकू. त्याच्याकडे बघून माणसाला मधला शहाणपणाचा वाटतो. खालचा घेतला तर दरिद्री, वरचा घेतला तर उधळ्या. मधला घेतला की माणूस आपल्याच पाठीवर थाप मारून घरी जातो."

मी पडद्याच्या फटीतून तासभर पाहिले. खरेच तसे घडते. एक मामलेदार कचेरीतला मनुष्य आला. आधी वर पाहिले, मग खाली, मग मान हलवून मधले दोनशे घेतले. बरोबरच्या माणसाला म्हणाला, "आपल्याला ना कंजुषी आवडते ना उधळेपणा." मला हसू आवरेना. शिकलीसवरलेली माणसे, आणि तीन फळ्या मांडल्या की मेंढरासारखी मधल्या वाटेने जातात. मला कोणी असे बनवून दाखवावे. घाम आला होता म्हणून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहत बसले.

२० एप्रिल, रविवार

महिन्याला नऊ-साडेनऊ रुपये पडतात. भाडे पाच. तेलमीठ होते. वैशाखानंतर भाऊजींचे पाच रुपये नकोत. पण हे त्यांना सांगायचे कसे? नऊ रुपयांची पापडवाली, हे ऐकून ते माझे सामान स्वतः बांधतील. आणि गावात कळले की पापड कोणाच्या हातचे, तर शामकांतची लग्नसराई बुडेल, माझेही दार बंद. म्हणजे खोल्या गेल्याच.

शामकांत म्हणाला, परवा बाहेरगावच्या एक बाई आल्या. एक पापड हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, आणि पाचशे बांधायला सांगितले. भाव विचारला नाही. जवळजवळ दहा रुपये मोजले. शामकांत म्हणतो असे गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागते.

भाग्य कसले? खूण पाहून घ्या म्हटले, तिने खूण पाहिली. गाढव पाटी वाचू लागले तर तेही घेईल.

७ मे, बुधवार

आज दुपारच्या गाडीने राहुरीहून परतले. लग्न परवा झाले. सगळे लिहिते.

मला मागच्या सोप्यात जागा दिली होती. भाऊजींनी आधीच सांगितले, "हळदीच्या वेळी पुढे येऊ नका वहिनी, तुम्हाला सांगायला नको." नको होते तर सांगितले कशाला? इंदू मात्र तशीच हळदीच्या अंगाने मागे आली आणि पाया पडली. तिला कोणी अडवले नाही, कारण दमयंती दारात आडवी उभी होती. पाहुण्यांना पाणी देत होती म्हणे.

मग रुखवत मांडले. मी दाराच्या आडून पाहिले. चांदीची वाटी, लाकडी फळे, आणि मधोमध परातीत पापडांची चळत, वर लाल फूल. एकेका पापडाची कड एका जागी आत गेलेली.

वराची आत्या, काष्ठासारखी बाई, परातीशी वाकून म्हणाली, "मुहूर्ताचे पापड विकतचे? कोणाच्या हातचे कोण जाणे."

भाऊजी पुढे झाले. "पुण्याचे आहेत. एक रुपया पंधरा आणे शेकडा. ही खूण बघा. खूण नसेल तर नक्कल."

आत्याबाईंनी खूण पाहिली. चेहरा बदलला. "हो का? म्हणूनच." आणि परातीला हात लावून तो कपाळाला लावला! माझ्या हातच्या पापडाला. मी हळदीच्या खोलीत पाऊल टाकले असते तर ह्याच बाईने अंघोळ केली असती. रुपयाच्या वर भाव गेला की विटाळ फिटतो, हे कुठल्या पोथीत आहे ते विचारले पाहिजे.

पाचशे विकत घेणारे ते भाग्याचे गिऱ्हाईक म्हणजे आमची दमयंती! माझ्या हातचे अठरा वर्षे फुकट खाऊन तिने तेच दहा रुपयांना घेतले. वर, भाजलेला पहिला पापड पाहुण्यांना न देता इंदूला भरवला. "आधी हा खा. मग बाकीचं." पोरीने खाल्ला आणि रडू लागली. लग्नाच्या दिवशी मुली कशालाही रडतात. दमयंती माझ्याकडे पाहत होती. मी नजर वळवली, न जाणो तोंडावर काही दिसायचे.

जेवणे झाल्यावर भाऊजी मागे आले. आत्याबाई तिथेच पान खात होत्या, दमयंती ताटे उचलत होती.

"मग सामान कधी आणायचं, वहिनी? एकादशीला गाडी पाठवतो."

मी म्हटले, "मी येत नाही, भाऊजी. मला नोकरी लागली आहे."

"नोकरी? तुम्हाला?" हसले. "कसली?"

"एका पेढीत. मालाची देखरेख." हे तसे खोटे नाही. रोज देखरेख करतेच.

"आणि देतात काय? चार रुपये? पाच?" मग आत्याबाईंना ऐकू जाईल असे म्हणाले, "आमच्या घरातल्या बाईनं चार रुपड्यांसाठी लोकांच्या पेढीवर बसायचं?"

नऊ म्हटले असते तर संपले होते. तीस म्हटले असते तर खोटे वाटले असते. मला कपाटातली पाटी दिसली.

"एकोणतीस रुपये बारा आणे," मी म्हटले.

भाऊजींच्या हातातली सुपारी हातातच राहिली. त्यांना स्वतःला पस्तीस आहेत. आत्याबाईंनी पान गालात सारून माझ्याकडे प्रथमच पाहिले. म्हणाल्या, "बारा आणे कसले?"

"जाण्यायेण्याचे."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. कोणती पेढी, मालक कोण, एक शब्द विचारला नाही. बारा आण्यांनी त्यांची खात्री पटली. मग हळूच, "वहिनी, तिथे दादांच्या नावामुळे घेतलं असणार. आमच्या घराण्याचा लौकिक आहे." पाच मिनिटांपूर्वी घराण्याची अब्रू जात होती, ती आता पगार आणून देऊ लागली.

"मिळत असतील," दमयंती ताटांमागून म्हणाली. "जास्तही मिळायला हवेत." तिला कोणी विचारले होते? मग माझ्या शेजारून जाताना हलकेच, "वहिनी, हात दुखत असतील ना फार?"

दोन घटका गाडीत बसून आले, त्यात हात कशाला दुखतील? पाय दुखतील का विचारायचे. मी म्हटले, "नाही." ती उगीच थांबली, मग गेली.

आज निघताना भाऊजी स्वतः स्टेशनवर आले आणि माझे गाठोडे उचलले. चार वर्षांत पहिल्यांदा. एकोणतीस रुपये बारा आण्यांचे गाठोडे जड असते. चाळीस म्हटले असते तर बहुधा मलाही उचलले असते.

खोलीत आले. पाट होता तिथे आहे. बसून गाठोडे सोडले. दमयंतीने माझ्या नकळत त्यात एक पुडके घातले होते, घट्ट बांधलेले. मला वाटले लाडू असतील, लग्नघर आहे. सोडले तर मिरी! शेर-सव्वाशेर काळी मिरी.

लग्नाच्या पाठवणीला कोणी मिरी देते का? खण नाही, खोबरे नाही, मिरी. इतकी वर्षे संसार करून हिला कोणाला काय द्यावे हे कळले नाही. एकटीला एवढी मिरी आमटीत घालायला दहा वर्षे लागतील.

मिरी मात्र चांगली आहे. टपोरी, वजनदार. बाजारात भाव फार चढला आहे, कितीला घेतली ते विचारायला हवे होते. उद्याच्या पिठात हीच घालते. जाडसर कुटून.